बेगमी

मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला हळूहळू एक खोड जडते. हातून कोणतेही काम झाले की त्याला नेमके काय म्हणावे, याची चिंता त्याला आधी पडते. ते काम बरे की वाईट हा विचार मागाहून येतो. साठा, साठवण, संग्रह, पुंजी, तरतूद, साठेबाजी, बेगमी हे शब्द कोशात एकाच आळीत राहतात, पण त्यांचा आपसांत रोटीबेटीव्यवहार नाही. संग्रह रसिकाने करावा. पुंजी म्हातारीने लुगड्याच्या गाठीत बांधावी. तरतूद सरकारने करावी आणि ती अपुरी पडावी. साठेबाजाच्या गोदामावर धाड पडते. बेगमी मात्र घर करते, आणि ती केली म्हणून आजवर कुणाला शिक्षा झाल्याचे मी ऐकलेले नाही.

हे सारे सुचायचे कारण असे की, २०२६ च्या जानेवारीत मी पाइपच्या तंबाखूच्या तीस डब्या एका दमात विकत घेतल्या. आमची सौ. त्याला साठेबाजी म्हणते. मी बेगमी म्हणतो. या एका शब्दावरून आमच्या घरात गेले कित्येक महिने जे चालले आहे, त्याला तिसरा शब्द शोधावा लागेल.

आमच्या कोल्हापूरकडे बेगमी ही पावसाळ्याची. मृगाआधी शेणी रचायच्या, लाकडे फोडून पडवीत घ्यायची, वर्षाची चटणी डंखातून कुटून आणून बरण्यांत दाबायची, सांडगे-कुरडया उन्हातून उतरवायच्या. आता गॅस आला, पिठाच्या पिशव्या आल्या. तरी मे महिना लागला की माझ्या आईचे हात अजून शिवशिवतात. मोठी मौज म्हणजे हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला तो वेगळाच अर्थ घेऊन. ‘बे’ म्हणजे वाचून आणि ‘गम’ म्हणजे दुःख, काळजी. बेगमी म्हणजे मुळात निश्चिंतपणा. घरात धान्य भरले की माणूस निश्चिंत होतो, म्हणून मराठीने त्या धान्यालाच निश्चिंतपणाचे नाव देऊन टाकले. भाषा अशी कधी कधी फार भोळी असते.

पाइप ओढणारा मराठीचा प्राध्यापक म्हणजे जुन्या कृष्णधवल चित्रपटातून चुकून बाहेर पडलेला इसम वाटतो, हे मला ठाऊक आहे. मी कॉलेजात ओढत नाही. २००८ च्या २ ऑक्टोबरपासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे, आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकताही येत नाही. पण ते कायदे नसते तरी मी ओढला नसता. व्याख्यानाच्या आधी तोंडात पाइप धरणाऱ्याचे व्याख्यान कोण मनावर घेणार? माझा पाइप घरच्या गच्चीवर, बुधवारी आणि शनिवारी रात्री जेवणानंतर. हा नेम मला लावला तो एम.ए.ला आम्हांला भाषाविज्ञान शिकवणाऱ्या सरांनी. त्यांच्या खोलीत पुस्तकांचा, जुन्या गादीचा आणि त्या तंबाखूचा मिळून एक वास असे, आणि सर एखाद्या धातूचे मूळ सांगता सांगता मध्येच थांबून विझलेला पाइप पुन्हा पेटवत. त्या थांबण्यात आम्हांला विचार करायला वेळ मिळे. मला वाटते, पाइपात ओढण्यापेक्षा थांबणेच अधिक असते. सिगारेट माणसाला घाईत गाठते. पाइप भरावा लागतो, दाबावा लागतो, तो विझतो, पुन्हा पेटवावा लागतो. निवृत्त होताना सरांनी आपला एक पाइप मला दिला. ब्रायरचा, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी जी गाठ येते, तिच्यातून कोरलेला. लाकूड असून लवकर जळत नाही, म्हणून त्याला हे भाग्य.

त्या पाइपाला लागणारा तंबाखू पुण्याच्या कँपात एका दुकानी मिळे. व्हर्जिनिया जातीची पाने दाबून, वड्या पाडून, त्यांचे पातळ काप केलेले, आणि त्यांत थोडा पेरिक. हा पेरिक अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात सेंट जेम्स नावाच्या परगण्यात होतो. पाने पिंपात भरून वरून दाब देतात, आणि ती आपल्याच रसात महिनोन् महिने आंबत राहतात. आपल्या लोणच्यावर दगड ठेवतात त्यातलाच प्रकार; फक्त मोहरी नाही.

तर त्या दुकानदारांचा जानेवारीच्या मध्याला फोन आला. “सर, एक तारखेनंतर मला भाव सांगायचीसुद्धा लाज वाटेल. काय ते आत्ताच बघा.”

झाले होते ते असे. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू आणि सेवा कराचे दर बदलले, साबण-तेल स्वस्त झाले, पण तंबाखूला पंक्तीतून उठवून वेगळे बसवले होते. डिसेंबरात संसदेने केंद्रीय अबकारी कायदा दुरुस्त केला. त्याच्या परिशिष्टात पाइपच्या आणि सिगारेटच्या मिश्रणापुढे पूर्वी ६० टक्के हा आकडा होता, तिथे ३२५ आला. हे सारे १ फेब्रुवारी २०२६ पासून अंमलात येणार होते, आणि वर चाळीस टक्के वस्तू आणि सेवा कर. सरकारचे म्हणणे स्पष्ट होते: ओढू नका, आणि ओढणारच असाल तर आम्हांला द्या.

या म्हणण्यात नवे काहीच नाही. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने १६०४ मध्ये तंबाखूविरुद्ध स्वतः एक पुस्तिका लिहिली, आणि त्याच वर्षी पौंडामागे दोन पेन्स असलेल्या जकातीवर सहा शिलिंग आठ पेन्सांची भर घातली. म्हणजे एकदम एकेचाळीस पट! त्याच्यापुढे आमचे अर्थखाते दयाळूच म्हणायचे. आपल्याकडे जहांगीर बादशहाने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. स्वतः तो मद्य आणि अफू यांच्या बाबतीत मोकळ्या हाताचा होता, ही गोष्ट निराळी. राजे गेले, तंबाखू राहिला.

आणि कर वाढणार म्हटले की बेगमी करणारेही राहिले. अमेरिकेत २००९ च्या १ एप्रिलला हाताने वळायच्या सिगारेटींच्या तंबाखूवरचा कर पौंडाला एक डॉलर दहा सेंटांच्या आसपास होता तो चोवीस डॉलर अठ्ठ्याहत्तर सेंटांवर नेला, आणि पाइपच्या तंबाखूवरचा मात्र दोन डॉलर त्र्याऐंशीच ठेवला. परिणाम काय झाला? कालपर्यंत सिगारेटीचा असलेला तंबाखू रातोरात पाइपचा झाला. पाने तीच, पिशवीवरचा शब्द बदलला. शब्दाची किंमत काय असते हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगतो आहे, पण पौंडाला बावीस डॉलर इतकी मी कधी लावली नव्हती. पुढे ८ ऑगस्ट २०१६ पासून तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने पाइपचा तंबाखूही आपल्या ताब्यात घेतला, आणि २००७ च्या फेब्रुवारीनंतर बाजारात आलेल्या मिश्रणांना परवानगी लागेल असे ठरवले. आपले आवडते मिश्रण नाहीसे होणार या भीतीने शौकिनांनी काचेच्या बरण्याच्या बरण्या भरून तळघरात मांडल्या. भीती काही अगदीच पोकळ नव्हती. २०१८ मध्ये कॅन्सस सिटीचा मॅक्लेलंड हा कारखाना बंद झाला आणि त्याच वर्षी डनहिल या नावाचा पाइपचा तंबाखूही बाजारातून उठला.

या तळघरवाल्यांचे एक बरे असते. त्यांचा माल नासत नाही, उलट सुधारतो. व्हर्जिनियाच्या पानात साखर पुष्कळ असते. हवाबंद डबीत ते पान वर्षानुवर्षे मंद मंद मुरत राहते, त्याचा तिखटपणा जातो, रंग गडद होतो. धुरावर वाळवलेल्या लटाकियाचा कडक वास मात्र काळाबरोबर ओसरतो, आणि वरून अत्तरे शिंपडलेली मिश्रणे मुरण्याच्या भानगडीत पडत नाहीत. न उघडलेली डबी थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी. उघडली तर रबरी कड्याच्या काचेच्या बरणीत भरावी. माझ्या आईने हे सगळे लक्षपूर्वक ऐकून घेतले आणि म्हणाली, “मग मुरांब्यापेक्षा यात निराळं काय आहे?” आणि एक बरणी दिलीही. सौ.ने मात्र स्वयंपाकघरातली दुसरी बरणी मिळणार नाही असे त्याच वेळी जाहीर केले.

डबीला चौदाशे रुपयांप्रमाणे तीस डब्यांचे बेचाळीस हजार झाले. वेतननिश्चितीची थकबाकी नुकतीच हाती आली होती. तिच्यावर सौ.ने गच्चीच्या गळतीचे नाव आधीच घातले होते, हे इथे नमूद करतो. गच्ची पुढच्या वर्षावर गेली. आषाढात माझ्या अभ्यासिकेच्या कोपऱ्यात टपटप सुरू झाली, तेव्हा बादली आणायच्या आधी मी डब्यांची पत्र्याची पेटी उचलून कोरड्या भिंतीशी नेली. ज्ञानेश्वरीचे तीन पाठ, केशवसुतांवरची टिपणे आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध त्यानंतर हलले. सौ. दारात उभी होती. ती काही बोलली नाही. तिने पुस्तकांवर चादर टाकली.

प्रत्येक डबीचा पंच्याऐंशी टक्के भाग चित्राने आणि इशाऱ्याने व्यापलेला असतो. २०१६ च्या एप्रिलपासून तसा नियमच आहे. पुष्कळ लोक त्या चित्राकडे पाहत नाहीत. मला पाहावे लागते, कारण ते चित्र मला अनोळखी नाही. माझे आजोळ निपाणीजवळचे. आजोबा विडीचा तंबाखू पिकवत. लहानपणी मी वखारीच्या दारात उभा राहिलो की शिंकांनी बेजार होई, आणि आत बायका पदराने नाक-तोंड बांधून पाला चाळत बसलेल्या असत. १९८१ मध्ये शरद जोशींच्या आंदोलनात तंबाखूला भाव मागायला शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर येऊन बसले; त्यांत आजोबा होते. त्याची हकीकत ते आयुष्यभर सांगत. चंची उघडायची, चिमूट काढायची, चुना लावून मळायची, आणि ‘तर आम्ही बसलो रस्त्यावर’ अशी सुरुवात करायची. पुढे पुढे ती हकीकत सांगताना त्यांचे तोंड नीट उघडेनासे झाले. मिरजेला दाखवले तोवर गालाच्या आतून सुरू झालेले दुखणे जबड्यात गेले होते. शेवटचे चार महिने ते पाटीवर लिहून बोलत. तंबाखूला भाव मिळावा म्हणून रस्त्यावर बसलेल्याचा नातू तंबाखू महाग होणार म्हणून पेटी भरून ठेवतो, यात काही विनोद असेल तर तो आजोबांनाच कळला असता. पाइपचा धूर मी छातीत घेत नाही, आठवड्याला दोनदाच ओढतो, वगैरे जे काही मी सौ.ला सांगतो, ते तिला पाठ आहे. “पाटी जपून ठेवली आहे का हो?” एवढेच ती एकदा म्हणाली होती. फार वर्षांपूर्वी. तो विषय आमच्यात तेवढ्यावरच आहे.

पण डब्या आल्या त्या रात्री तिने निराळाच प्रश्न काढला. “हे किती दिवस पुरेल?”

याचा हिशेब मी केला नव्हता. आमची मुलगी तेव्हा सातवीत होती. तिने पाटावर बसल्या बसल्या वही ओढली. डबीत पन्नास ग्रॅम. एका वेळेला तीन ग्रॅम. म्हणजे सोळा वेळा, वर थोडी चुरी. आठवड्याला दोन, म्हणून एक डबी आठ आठवडे. तीस डब्यांचे दोनशे चाळीस आठवडे. “चार वर्षं सात महिने,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “तेव्हा माझी दहावी झालेली असेल. बाबा, तुम्ही एक्कावन्नाचे होत आलेले असाल.”

“म्हणजे एक्कावन्नाव्या वर्षी सुटणार?” सौ. म्हणाली.

“तेव्हाचं तेव्हा पाहू.”

“मग जास्त का नाही घेतल्यात? निवृत्तीपर्यंतच्या घ्यायच्या होत्या.”

वाचकहो, या प्रश्नाने मी निरुत्तर झालो, आणि ते पैशामुळे नव्हे. साठाव्या वर्षापर्यंत पुरवायचे तर तीसच्या जागी नव्वदएक डब्या लागल्या असत्या. पतपेढीचे कर्ज काढून तेही एखाद्याने केले असते. पण दुकानात उभा असताना माझ्या मनात तीस हा आकडा आला, आणि नव्वद आला नाही. का? गहू भरताना कुणी आपल्या आयुष्याचा हिशेब करत नाही. वर्ष सरते, पुन्हा मे महिना येतो, पुन्हा गहू भरतात. ज्याची पुन्हा खरेदी होणार नाही अशा गोष्टीची बेगमी करू लागले की मात्र आपण नकळत एका कागदावर सही करतो: मी अमुक वर्षे असेन, मला तेव्हाही हेच आवडत असेल, आणि माझा जबडा तेव्हा शाबूत असेल. पाच वर्षांपुरती सही करायला माझा हात धजला. चौदा वर्षांपुरती धजला नसावा.

दुसऱ्या दिवशी मुलीने पांढऱ्या चिठ्ठ्या कापून प्रत्येक डबीला आकडा चिकटवला, आणि तोही उलट्या क्रमाने: वरची डबी तीस, अगदी तळाची एक. तिच्या दृष्टीने ती सोय होती. वरचा आकडा पाहिला की शिल्लक कळावी. सरकारच्या पंच्याऐंशी टक्के चित्राने जे केले नाही ते त्या बोटभर चिठ्ठीने केले. पूर्वी मी बुधवारी पाइप भरी तेव्हा डबी संपली की नवी येणार हे गृहीत असे. त्या न मोजण्यातच सुखाचा मोठा भाग होता, हे मोजायला लागल्यावर ध्यानात आले. आता भरताना चिमूट आपोआप लहान होते. श्रावणात मी मुळीच ओढला नाही. आईला वाटले, मी श्रावण पाळला, आणि ती फार सुखावली. तो धर्म नव्हता, शुद्ध कंजूसपणा होता. पण आईचा समज मी मोडला नाही. करवाढीने लोक कमी ओढतील, असे सरकारला वाटत असेल तर माझ्यापुरते ते बरोबर ठरले. फक्त वाढीव कर माझ्याकडून त्यांना एक पैसाही मिळालेला नाही.

आणखी एक गोष्ट त्या पेटीत भरता आली नाही. दर दोन-तीन महिन्यांनी मी पुण्याला जाई, कधी परीक्षेच्या कामासाठी, कधी उगीच. कँपातल्या त्या दुकानी काचेच्या पलीकडे पंचाहत्तरीचे मालक बसलेले असत. डबी द्यायला त्यांना मिनिट लागे आणि गप्पांना तास. त्यांचे मराठी गुजराती वळणाचे, पण म्हणींवर पकड अशी की मी दोनदा वहीत उतरवून घेतले आहे. जानेवारीनंतर मी तिकडे फिरकलोच नाही; जायला निमित्तच उरले नाही. भाद्रपदात एकदा मुद्दाम गेलो, आणि उगीच हात हलवत कसे जावे म्हणून पाइप साफ करायच्या काड्या मागितल्या. पाइपच्या डब्यांच्या फळीवर आता लायटर आणि चाव्यांच्या साखळ्या होत्या.

“तुम्ही सगळे शहाणे,” ते हसत म्हणाले. “जानेवारीत पंधरा दिवसांत माझा दोन वर्षांचा धंदा झाला. तेव्हापासून कुणी येत नाही. सगळ्यांच्या घरी आहे.”

काड्यांचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. चहा मागवला.

दसऱ्याला सोने द्यायला मी सरांकडे गेलो. सर आता एक्क्याऐंशीचे आहेत. डॉक्टरांनी पाइप बंद केलेला नाही, पण सरांनीच तो महिन्यातून एकदा, पौर्णिमेला, असा करून घेतला आहे. नव्या भावाने त्यांना तंबाखू परवडत नाही हे मला ठाऊक होते; निवृत्तिवेतनातला बराचसा भाग औषधांना जातो. शमीच्या पानांबरोबर मी चोवीस आकड्याची डबी त्यांच्या हातात ठेवली.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, चिठ्ठीकडे पाहिले. “हा आकडा कसला?”

मी सांगितले. मुलीचा हिशेबही सांगितला. सर बराच वेळ हसले. मग त्यांनी माझ्यादेखत डबी उघडली. झाकण उचलताना तो हलकासा ‘फस्स’ आवाज झाला, आणि खोलीत चोवीस वर्षांपूर्वीचा माझा एम.ए.चा वर्ग येऊन बसला. त्यांनी आतल्या कापांपैकी अंदाजाने निम्मे उचलून आपल्या चांदीच्या डबीत घातले, बाकीचे कागदात गुंडाळून माझी डबी मला परत दिली.

“सगळी ठेवा ना, सर.”

“अर्धी पुरे,” ते म्हणाले. “पौर्णिमेला एक, म्हणजे बघ, आठ पौर्णिमा. पुढचं पुढच्या दसऱ्याला विचारू.”

घरी आल्यावर मी उरलेला तंबाखू आईच्या बरणीत भरला. मुलीने रिकाम्या डबीवरची चिठ्ठी काढून बरणीला लावली, आणि चोवीस हा आकडा खोडून त्यावर पेन्सिलीने साडेतेवीस केला.